बस थांबलीय की अडकलीय?

प्रश्न: पणजी, म्हापसा, मडगाव या मार्गांवरच्या बसगाड्यांच्या जीपीएसवरून रस्त्यावर ट्रॅफिक किती आहे ते काढता येईल का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय. आणि गूगल मॅप्स असताना हा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

उत्तर:

काढता येईल. पण पहिल्या महिन्यात तुम्ही जो नकाशा रंगवाल तो ट्रॅफिकचा नसेल, कंडक्टरचा असेल. हे स्वतःच्या फजितीवरून सांगतोय.

मी म्हापशाचा. काही वर्षं रोज सकाळी खाजगी बसने पणजीला कामाला जायचो. तेव्हा हीच हौस आली होती. फोनवर जीपीएस नोंदवणारं अ‍ॅप चालू करायचं आणि खिडकीशी बसायचं. महिनाभराने घरी नकाशावर रंग भरले: वेग कमी तिथे लाल, जास्त तिथे हिरवा. सगळ्यात लाल निघाला तो म्हापसा स्टँडमधून बाहेर पडल्यावरचा पहिला टप्पा. म्हटलं, सापडली कोंडी. दुसऱ्या दिवशी मान वर करून पाहिलं तर पुढे रस्ता मोकळा! आमची बसच गोगलगायीसारखी सरकत होती, कारण सीटा भरल्या नव्हत्या आणि कंडक्टर दारात लोंबकळत ‘पणजी पणजी पणजी’ करत होता. मागची बस आरशात दिसली, शिट्टी वाजली, आणि मग गिरीपर्यंत गाडी अशी सुटली की उभ्या माणसांनी देवाचं नाव घ्यावं.

जीपीएसला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की अमुक वेळी गाडी अमुक ठिकाणी होती आणि चाकं जवळजवळ थांबली होती. ती का थांबली, म्हणजे माणसं घ्यायला थांबली की पुढच्या गाड्यांमुळे अडकली, हे ओळखणं हाच तुमचा खरा प्रोजेक्ट. बाकीचं सगळं कोडिंग आहे, ते होऊन जातं.

ही कल्पना नवी नाही. सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या किंग काउंटी मेट्रोच्या बसगाड्या रस्त्याचा वेग मोजायला वापरल्या, त्याचा शोधनिबंध २००२ चा. गंमत म्हणजे त्या बसगाड्यांचं ठिकाण जीपीएसवरून कळत नव्हतं. चाकं किती फिरली ते मोजून आणि रस्त्याकडेला बसवलेल्या खुणेच्या यंत्रांवरून कळायचं. पोर्टलंडमध्येही असंच काम झालं. आपल्याला जवळचं काम मात्र आयआयटी मद्रासचं. चेन्नईच्या बसगाड्यांच्या जीपीएसवर त्यांनी बरंच केलंय, आणि तिथला रस्ता आपल्यासारखाच आहे. लेन कोणी पाळत नाही, आणि बसच्या दोन्ही बाजूंनी स्कूटर वाहत असतात.

आता थांबलेली आणि अडकलेली गाडी वेगळी कशी करायची. अधिकृत स्टॉपच्या यादीवर विसंबू नका. आपल्याकडे हात दाखवला तिथे स्टॉप. त्याऐवजी स्टॉप डेटातूनच शोधा. सकाळची पहिली फेरी घ्या, रस्ता रिकामा असतो तेव्हाची. त्या फेरीतही गाडी जिथे रोज उभी राहते ती जागा प्रवाशांची. जिथे फक्त नऊ-साडेनऊला उभी राहते आणि सहा वाजता सुसाट जाते ती जागा कोंडीची. एवढ्या एका चाळणीने माझा निम्मा लाल रंग पुसला गेला.

दुसरी चाळणी शेजारच्या गाडीची. एकच बस रेंगाळली तर तो त्या बसचा प्रश्न. लागोपाठ तीन बस, वेगवेगळ्या मालकांच्या, त्याच तुकड्यावर रेंगाळल्या तर रस्त्याचा. आणि तिथे कदंबची, म्हणजे गोवा सरकारच्या परिवहन महामंडळाची, विनाथांबा शटलसुद्धा रेंगाळली तर मग शंकाच नको. पणजी-मडगाव किंवा पणजी-वास्को शटलचं तिकीट खिडकीवर आधीच काढलेलं असतं, वाटेत कोणाला घ्यायचं नसतं, त्यामुळे ती हळू झाली तर तिला रस्त्यानेच हळू केलेलं असतं. फक्त शटलचा डेटा मिळाला तरी प्रोजेक्ट होईल असं माझं मत. खाजगी बसच्या शंभर फेऱ्यांपेक्षा शटलच्या दहा मी आधी घेईन.

हिशेबातल्या एका चुकीबद्दल आधीच सांगतो, कारण सगळेच ती करतात. एक किलोमीटर ताशी ३० ने आणि पुढचा एक ताशी १० ने गेलात, तर सरासरी २० नाही. पहिल्याला २ मिनिटं लागली, दुसऱ्याला ६. आठ मिनिटांत दोन किलोमीटर, म्हणजे ताशी १५. वेगांची सरासरी काढली की कोंडी नेहमी खरीपेक्षा सौम्य दिसते. म्हणून वेग बाजूला ठेवा आणि रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला किती मिनिटं लागली ते मोजा. तुकडे फार बारीकही नकोत. गाडी ताशी ३६ ने चालली आणि यंत्राने दर दहा सेकंदांनी नोंद केली, तर दोन नोंदींमध्ये शंभर मीटर निघून जातात. त्यात ठिकाण पाच-दहा मीटर इकडेतिकडे असतंच. उभी गाडीसुद्धा नकाशावर जागच्या जागी डुलताना दिसते.

मांडवी नदीवर तर खास गोव्याची अडचण आहे. अटल सेतू २०१९ मध्ये सुरू झाला, आणि तो जुन्या पुलांच्या शेजारीच, पण वरून जातो. जीपीएसचा बिंदू नदीच्या मध्यावर पडला तर गाडी खालच्या पुलावर की वरच्या? उंचीवरून ठरवायला जाऊ नका, जीपीएसची उंची ठिकाणापेक्षाही बेभरवशाची. आधीचे आणि नंतरचे बिंदू बघा. गाडी पणजीत पाटोला बस स्टँडकडे उतरली की थेट मेरशी, बांबोळीकडे गेली, त्यावरून पूल आपोआप ठरतो. एकेका बिंदूचा न्याय न करता सगळी वाट एकत्र बघायची. याला मॅप मॅचिंग म्हणतात, तयार लायब्ररी मिळतात. पण नकाशा जुना असेल तर त्याही फसतात. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे वळवलेल्या वाटांवर माझी बस नकाशात कधी दुकानात, कधी कोणाच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) शिरलेली दिसायची.

अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, हेही लक्षात ठेवा. तिथे बसचा वेळ आणि कारचा वेळ साधारण जुळतो. पर्वरीच्या सिग्नलवर जुळत नाही, कारण बस अडकली तरी पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, कडेकडेने निघून जातो. तेव्हा अहवालात ‘रस्त्यावर कोंडी’ असं सरसकट लिहू नका, ‘बसला इतका उशीर’ असं लिहा. हा कमीपणा नाही. मोठ्या बसमधल्या पन्नास माणसांचा वेळ गेला हे रस्त्यावर किती मोटारी तुंबल्या यापेक्षा मला तरी महत्त्वाचं वाटतं.

उशीर ‘जास्त’ तो कशाच्या तुलनेत, हेही ठरवावं लागेल. बसची तुलना कारशी नको, त्याच तुकड्यावरच्या, इतर दिवशीच्या त्याच वेळच्या बसशी करा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्या दिवसाची तुलना शुक्रवारशीच. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दोन-तीन दिवसांत माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळाफुलांची सजावट बांधतात तिच्या, सामानासाठी जी झुंबड उडते ती सरासरीत मिसळलीत तर अख्खा महिना बिघडेल. कार्निव्हलची मिरवणूक, नोव्हेंबरातला इफ्फी हा चित्रपट महोत्सव, यांच्या तारखा वहीत वेगळ्या लिहून ठेवा. रात्रीचं मात्र विसरा. आठनंतर बस मिळणं हीच बातमी असते, डेटा कुठला!

यंत्रांबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या बसगाड्यांना एआयएस-१४० या मानकाचा ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण सक्तीचं आहे. नेटवर्क गेलं की हा ट्रॅकर नोंदी साठवतो आणि मिळालं की एकदम पाठवतो. म्हणून नोंद सर्व्हरवर कधी पोचली ते पाहू नका, उपग्रहाची वेळ पाहा. नाहीतर चोर्ला घाटातून बाहेर आलेली बेळगावची गाडी एका मिनिटात अर्धा घाट उतरली असं दिसेल.

डेटासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर कदंब महामंडळाकडे रीतसर अर्ज करा. उत्तर येईपर्यंत दिल्लीवर हात साफ करा. दिल्ली सरकारने आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीने २०१८ मध्ये बसगाड्यांची चालू ठिकाणं सर्वांसाठी खुली केली आहेत. ती जीटीएफएस रिअलटाइम या, बसची चालू माहिती देण्याच्या ठरलेल्या पद्धतीत मिळतात. या पद्धतीत प्रत्येक बसच्या नोंदीत कोंडीची पातळी लिहायला एक रकाना आहे: सुरळीत, थांबत-चालत, कोंडी, तीव्र कोंडी, किंवा माहीत नाही. तो भरणं ऐच्छिक आहे. तुमच्या प्रोजेक्टने तो रकाना भरून दाखवला तरी पुष्कळ झालं.

राहिला गूगलचा प्रश्न. आत्ता निघू की दहा मिनिटांनी, यासाठी गूगलच बघा, तिथे तुम्ही स्पर्धा करू शकणार नाही. त्यांच्याकडे रस्त्यावरच्या लोकांच्या फोनची ठिकाणं आहेत. अर्थात फोनही फसतात. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये ९९ फोन एका हातगाडीत घालून ओढत नेले आणि रिकाम्या रस्त्यावर गूगलला लाल रेघ काढायला लावली. आणि खुद्द गूगलने २०१९ मध्ये भारतातल्या दहा शहरांत उलटी वाट धरली होती. रस्त्यावरच्या ट्रॅफिकवरून बसला किती उशीर होईल त्याचा अंदाज सांगायचा. म्हणजे बस आणि मोटारी वेगळ्या चालतात हे त्यांनाही हिशेबात घ्यावं लागलं.

पण गूगलचा लाल रंग उद्या तुमच्या हातात राहत नाही. जुवारी नदीवरच्या पुलाचंच घ्या. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली, दुसरी पुढच्या डिसेंबरात. त्याआधी आगशी ते कुठ्ठाळी हा पल्ला केव्हा किती घेईल याचा नेम नसायचा. त्या काळातल्या शटलच्या नोंदी कोणी जपून ठेवल्या असत्या, तर नव्या पुलाने सकाळच्या प्रवाशाची नेमकी किती मिनिटं वाचवली ते एका संध्याकाळी काढता आलं असतं. आज नुसतं ‘खूप फरक पडला’ म्हणतो आपण. पर्वरीच्या उड्डाणपुलाबाबत तरी ही संधी घालवू नका.

सुरुवात पर्वरी ते पाटो एवढ्याच पट्ट्यापासून करा. पहिले आठ दिवस स्वतः बसमध्ये बसा, फोन चालू ठेवा, आणि मांडीवर वही. गाडी उभी राहिली की वेळ लिहून पुढे ‘थांबली’ किंवा ‘अडकली’ एवढंच लिहायचं. पुढे तुमचा प्रोग्रॅम काय ओळखतो ते याच वहीशी ताडून बघता येईल. कंडक्टर विचारेल काय लिहिता म्हणून, तेव्हा कॉलेजचं काम आहे हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं. त्याने मला कुठल्यातरी खात्याचा माणूस समजून पुढचे दोन दिवस गाडी अगदी ठोक्याला सोडली, सीटा रिकाम्या असताना. ते दोन दिवस मला डेटातून काढून टाकावे लागले.