खांदा आणि गुडघा दोन्ही दुखतात, वेट ट्रेनिंग सोडून द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, बेंच प्रेसला (बेंचवर झोपून वजन वर ढकलताना) उजवा खांदा पुढून दुखतो, स्क्वॉटमधे खाली जाताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते, घरचे म्हणतात बंद कर हे सगळं आणि ट्रेनर म्हणतो दुखल्याशिवाय ताकद येत नाही. मला विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. मी डॉक्टर नाही की फिजिओ नाही, पण बरीच वर्षं वजनं उचलतेय आणि माझाही एक गुडघा नि खांदे आलटून पालटून कुरकुरत असतात, त्यामुळे दुखणं सांभाळून व्यायाम कसा चालू ठेवायचा यात थोडंफार डोकं घातलंय.

आधी नको असलेला भाग उरकते. सांधा सुजलाय, लॉक होतोय, चालताना पाय अचानक दगा देतोय, कट्‌कन आवाज येऊन लगेच सूज आली, हातापायात मुंग्या किंवा बधीरपणा आहे, रात्री नुसतं पडल्यापडल्या ठणकतंय, यातलं काहीही असेल तर इथे उत्तरं वाचत बसू नका, ऑर्थोपेडिककडे जा. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत. नुसता कट्‌कट् आवाज येतो पण दुखत नाही, ते सोडून द्या.

आता मुद्द्याचं. "स्क्वॉटने गुडघा दुखतो" हे वाक्य फार मोघम आहे. किती खाली गेल्यावर दुखतो? जाताना की येताना? पहिल्या रेपला (एकदा खाली जाऊन वर आलं की एक रेप) दुखून मग कमी होतो की सेट वाढतील तसा वाढत जातो? रिकाम्या बारनेही दुखतो का? व्यायामात बदलण्यासारख्या चारपाच गोष्टी असतात, खोली, वेग, वजन, पकड, पाय ठेवायची जागा, आणि त्यातली बहुतेक वेळा एखाददुसरीच खरी त्रास देणारी असते. ती शोधायची आणि एका वेळी एकच बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

गुडघ्याचं उदाहरण घ्या. मागे एक बेंच किंवा बॉक्स ठेवा, तीन सेकंद मोजत खाली या, बूड टेकवा पण अंग सैल सोडून बसू नका, तीन सेकंदात वर या. दुखलं तर बॉक्सवर दोन प्लेट ठेवून उंची वाढवा. एक उंची अशी सापडते जिथे जवळजवळ काही होत नाही, तिथून सुरुवात करायची, आणि दर आठवड्या-दोन आठवड्याला एक प्लेट काढायची. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेलाच नाही पाहिजे असं जे सांगतात त्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो हे खरं, पण तो कुठे गायब होत नाही, खुब्यावर आणि कमरेवर जातो. म्हणून सध्या नडगी सरळ ठेवून करा, पण तो जन्मभराचा नियम समजू नका.

वाटीखालचं दुखणं बऱ्याचदा टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचं असतं (ते फिजिओकडून एकदा नक्की करून घ्या) आणि त्यात स्थिर होल्ड करून बघण्यासारखे आहेत. लेग एक्स्टेंशनवर (बसून पाय पुढे सरळ करायचं मशीन) पाय साधारण अर्धा सरळ करून ४५ सेकंद धरून ठेवायचा, मधे दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. २०१५ मधे व्हॉलीबॉल खेळाडूंवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात याने दुखणं तिथल्या तिथे कमी झालं होतं, नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच तसा फायदा दिसला नाही, पण करून बघायला काय जातं. मला स्क्वॉटच्या आधी हे केलं की पहिला सेट बरा जातो.

खांद्याची गोष्ट वेगळी. बारबेलमधे दोन्ही हात एकाच दांड्याला अडकलेले, खांद्याला आपला कोन निवडायची मुभाच नाही. डंबेल घ्या, तळवे एकमेकांकडे, कोपर अंगापासून ४५ अंशांच्या आसपास, आणि बेंचऐवजी जमिनीवर झोपून प्रेस करा, म्हणजे कोपर जमिनीला टेकल्यावर हात आणखी मागे जातच नाही आणि बऱ्याच जणांना दुखणारा भाग नेमका तोच असतो. पुशअप्स चालत असतील तर उत्तमच, कारण त्यात खांद्याचं मागचं पसरट हाड मोकळं हलतं, बेंचवर ते पाठीखाली दाबलेलं असतं. रोइंग (वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम) मात्र बिनधास्त करा, दुखत नसेल तोवर.

मग किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा असा आकडा द्या. तीनपर्यंत मी चालू ठेवते, त्यावर गेलं की वजन किंवा खोली कमी. पण खरा निकाल जिममधे लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. तोच जिना, तोच पाय, रोज सकाळी पहिल्यांदा उतरताना कसं वाटतं ते बघायचं. नेहमीइतकंच असेल तर कालचा डोस बरोबर होता, जास्त असेल तर जास्त झाला, इतकं साधं आहे. म्हणूनच व्यायामाआधी पेनकिलर घेऊ नका, घेतली की हा सगळा हिशोबच चुकतो.

वजन कमी केलं तर मसल जाईल ही भीती तुमच्या प्रश्नात दिसतेय. नाही जाणार. एकदाच कसंबसं उचलता येईल अशा वजनाच्या ३०-४० टक्क्यांवरही, पुढचा रेप जवळपास निघणार नाही इथपर्यंत नेलं, तर स्नायू जड वजनाइतकाच वाढतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जास्तीत जास्त ताकदीसाठी जड वजनच लागतं, पण ते नंतर बघू. आणि एक बाजू अगदीच बंद ठेवावी लागली तर दुसरी चालू ठेवा, एका हाताला व्यायाम दिला की दुसऱ्याचीही ताकद थोडी वाढते हे १८९४ पासून माहीत आहे, मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थापच वाटली होती.

वेळ मात्र लागतो. स्नायू काही आठवड्यांत प्रतिसाद देतो, टेंडनला महिने लागतात. टाचेच्या टेंडनसाठी १९९८ मधे आल्फ्रेडसनने जो प्रसिद्ध कार्यक्रम दिला तो १२ आठवड्यांचा होता, तोही रोज दोनदा. त्यामुळे दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून एमआरआय काढायला धावू नका. काढलाच तर रिपोर्टमधले शब्द वाचून हबकू नका, २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या मणक्यात डिस्कची झीज दिसली होती. बारा आठवडे नीट करूनही काहीच हललं नाही तर मात्र चांगल्या फिजिओकडे जा, शक्यतो स्वतः वजनं उचलणाऱ्या, कारण बाकीचे पटकन "सोडून द्या" म्हणतात.

डिप्सबद्दल (दोन समांतर दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) विचारलंत, तर सध्या नको. खाली जाताना दंड अंगाच्या बराच मागे जातो आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, तुमचं दुखणं तिथलंच आहे. वर सांगितलेला जमिनीवरचा प्रेस (फ्लोअर प्रेस) महिनाभर बिनतक्रार झाला की डंबेल बेंच प्रेसला या, तोही झाला की बँड लावून अर्ध्या खोलीचे डिप्स करून बघा. तेही नाही जमले तर ट्रायसेप्ससाठी केबल आहेच.