उत्तर: बायबलचा मान कसा राखायचा, आणि वाचून काहीच होत नसेल तर काय करायचं

प्रभूमध्ये सलाम. तुझा प्रश्न परवाच वाचला होता पण घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही तुला तूच म्हणते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणाऱ्या या भावाचा बाप्तिस्मा होऊन वर्ष झालंय, रोज सकाळी बायबल वाचतो. पण मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी टोकलं की बायबलात पेनाने खुणा करणं, मोबाईलवर वचन वाचणं, बायबल जमिनीवर ठेवणं, हा सगळा देवाच्या वचनाचा अपमान आहे. तेव्हापासून याला पुस्तक हातात घ्यायचीच धास्ती वाटते. आणि दुसरीकडे हाच लिहितो की वाचलेलं तासाभरात विसरतो, वाचून काही होतच नाही, मग मी वचनाचा खरंच आदर करतो का.

पहिल्या भागाचं उत्तर पटकन देते कारण त्यात फार अडकायचं नाहीये. कागद आणि शाई पवित्र नाही, बोलणारा पवित्र आहे. खुणा कर, समासात लिही, प्रवासात असशील तर मोबाईलवर वाच, फक्त तेव्हा नोटिफिकेशन बंद ठेव, कारण राजा बोलत असताना मधेच दुसऱ्याकडे वळून बघणं हे मात्र मला खरंच अनादराचं वाटतं. पण म्हणून बाहेरच्या मानाला काही अर्थच नाही असं पण नाही हं. बायबलमधल्या नहेम्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात एज्रा शास्त्र्याने सगळ्यांसमोर नियमशास्त्राचा ग्रंथ उघडला तेव्हा सगळे लोक उठून उभे राहिले, आणि पहाटेपासून दुपारपर्यंत कान देऊन ऐकत होते, मग रडले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रमुख परत जमले, तेव्हा त्यांना नियमशास्त्रात मांडवांच्या सणाबद्दल लिहिलेलं सापडलं आणि लोकांनी डोंगरावर जाऊन फांद्या आणल्या आणि मांडव घातले. म्हणजे उभं राहणं, रडणं आणि फांद्या तोडायला जाणं हे सगळं एकाच ओघात झालं. शरीराने मान देणं चांगलंच आहे पण तिथेच थांबलं तर ते धोक्याचं होतं. १ शमुवेल ४ काढून बघ. इस्राएल लढाई हरले म्हणून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, छावणीत आणला, एवढा जयघोष केला की भूमी दणाणली, आणि तरीही त्या दिवशी ३०,००० पायदळ पडलं आणि कोश शत्रूच्या हाती गेला. कोशाला मान देण्यात त्यांनी काही कमी केली नव्हती, पण ज्याचा कोश त्याचं ऐकायचं मात्र कोणाच्या मनात नव्हतं. बायबल उशाशी ठेवून झोपणारे आणि महिनोन्महिने ते न उघडणारे आपल्यातही आहेत, आणि हे मी रागाने नाही म्हणत, मला त्यांची काळजी वाटते.

आता खरा मुद्दा. तू विचारलंस की आदर ओळखायचा कसा. मला हे दोन राजांवरून समजलं, आणि ते दोघं बापलेक होते.

बाप म्हणजे यहूदाचा राजा योशीया. त्याच्या राज्याचं १८वं वर्ष, मंदिराची डागडुजी चालू होती आणि मुख्य याजक हिल्कीयाला तिथे नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. विचार कर, देवाच्या मंदिरात देवाचंच पुस्तक हरवलेलं! शाफान चिटणीसाने तो राजापुढे वाचला. राजा तेव्हा २६ वर्षांचा. ऐकलं आणि त्याने आपली वस्त्रं फाडली. त्याने असं नाही म्हटलं की हे जुनं आहे, हे आमच्या वाडवडिलांसाठी होतं. तो म्हणाला आपल्या पूर्वजांनी हे ऐकलं नाही म्हणून देवाचा कोप आपल्यावर भडकलाय, आणि लगेच हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं पाठवली, आणि मग देशभरातल्या मूर्ती काढून टाकल्या.

मुलगा यहोयाकीम. साधारण १८ वर्षांनंतरची गोष्ट, यिर्मया ३६. नववा महिना, राजा हिवाळ्यात राहायच्या वाड्यात बसलाय, पुढे शेगडी पेटलेली. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेला आणि त्याच्या लेखनिकाने, बारूखाने, लिहिलेला गुंडाळीचा पट त्याला वाचून दाखवतायत. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखणी तासायच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. परत तीन-चार रकाने, परत चाकू. असं करत करत अख्खा पट जळून गेला. शाफानाचा मुलगा गमऱ्या तिथेच होता, म्हणजे ज्या बापाने योशीयाला ग्रंथ वाचून दाखवला त्याचा मुलगा, तो आणि अजून दोघं राजाला विनवत होते की जाळू नका, पण राजाने ऐकलं नाही. आणि तिथे एक वाक्य आहे जे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, की ना ते घाबरले ना त्यांनी वस्त्रं फाडली. मूळ हिब्रूत वस्त्रं फाडायला आणि पट कापायला एकच क्रियापद आहे. बापाने वचन ऐकून स्वतःला फाडलं, मुलाने वचन फाडलं.

मला वाटतं दोनच पर्याय असतात, रोज सकाळी, तुझ्यापुढे आणि माझ्यापुढे पण. एक तर वचन मला कापेल नाहीतर मी वचनाला कापेन.

आणि कापायला चाकू लागत नाही रे. जे झोंबतं त्या ओळीवरून नजर पुढे सरकवली की झालं. किंवा आवडीची ओळ उचलायची आणि आजूबाजूचं सोडून द्यायचं. फिलिप्पै ४:१३ बघ, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, हे किती जण परीक्षेच्या आणि प्रमोशनच्या वेळी स्टेटसला ठेवतात. पण हे लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगातून लिहितोय, आणि वरच्याच ओळीत म्हणतोय की उपाशी राहायला शिकलोय, टंचाईत राहायला शिकलोय. ते वचन जिंकण्याबद्दल नसून कमी असताना कुरकुर न करण्याबद्दल आहे. आणि लक्षात ठेव की हे वचनांचे आकडे प्रेषितांनी घातलेले नाहीत, नव्या कराराला आज आपण वापरतो ते आकडे १५५१ मध्ये रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने छापले, शोधायला सोपं पडावं म्हणून. त्या सोयीचा आपण चाकू करायचा नाही. सैतानानेसुद्धा प्रभूला ९१वं स्तोत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं, आणि प्रभूने तिन्ही वेळा अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिलं, आणि जे म्हटलं तसाच तो वागला.

आता माझं सांगते, कारण हे मी शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये. मी बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीनदा वाचून काढलं होतं. ११८९ अध्याय आहेत, रोज तीन-चार वाचले की वर्षात होतं, माझ्याकडे तक्ता होता आणि त्यावर मी रोज टिक करायचे. त्याच काळात माझं आणि मोठ्या भावाचं वडिलांच्या घरावरून बिनसलेलं होतं आणि आम्ही सहा वर्षं एका शब्दाने बोललो नव्हतो. एक दिवस वाचनात मत्तय ५ आला. तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. त्या ओळीखाली लाल पेन्सिलची रेघ होती, माझीच, आणि बाजूला तारीख. पाच वर्षांपूर्वीची. म्हणजे भांडणाला एक वर्ष झालं असताना मी ती ओळ वाचली, मला ती महत्त्वाची वाटली, पट्टी घेऊन तिच्याखाली सरळ रेघ मारली, तारीख घातली, पान उलटलं, आणि पाच वर्षं काही केलं नाही. तक्त्यावर तेव्हाही टिक केली असणार.

त्या दिवशी मी पुढे वाचलंच नाही. संध्याकाळपर्यंत फोन हातात घेऊन खाली ठेवत राहिले. शेवटी लावला. भाऊ म्हणाला, बोल. मी म्हटलं, दादा, वाटणीच्या वेळी मी तुझ्याबद्दल चार लोकांसमोर जे बोलले ते चुकीचं होतं, मला माफ कर. तो बराच वेळ गप्प राहिला आणि ठीक आहे म्हणून फोन ठेवला. बस एवढंच. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. नंतर बोलणं सुरू व्हायला आठ-नऊ महिने लागले आणि घराचा प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही. पण त्या रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला देवापासून काही लपवायचं नव्हतं.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे वाचून काहीच होत नाही याचं, माझं उत्तर असं की कमी वाच. खरंच. याकोब आरशाचा दाखला देतो ना, चेहरा बघून निघून गेला आणि कसा दिसतो ते लगेच विसरला, तर तो माणूस विसरला कारण त्याने बघितल्यावर केलं काहीच नाही. स्मरणशक्तीचा दोष नव्हता. दहा-बारा ओळी घे, दोनदा वाच, एकदा मोठ्याने, आणि मग विचार की यात आज मला करायचं असं काय आहे, आणि ते इतकं लहान ठरव की झोपायच्या आधी झालं की नाही ते सांगता येईल. कुणाचे उसने पैसे परत करायचे, एक खोटं निस्तरायचं, एकाला फोन. आणि वहीत हाताने लिहून काढ. अनुवाद १७ मध्ये राजाला आज्ञा आहे की गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी, का, तर त्याचं मन आपल्या भावांपेक्षा वर चढू नये म्हणून. लिहिताना घाई करता येत नाही, जी ओळ टाळायची असते ती पण लिहावीच लागते, हा माझा अनुभव.

आणि काही न वाटण्याची भीती बाळगू नकोस. योहान १४ मध्ये प्रभू म्हणतो माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल, तिथे अंगावर शहारे येतील असं वचन दिलेलं नाही. कोरड्या मनाने पाळलेली आज्ञा पण पाळलेलीच असते. उलट तारणासाठी हे सगळं करायचंय असं मात्र डोक्यात घेऊ नकोस, ते कृपेने झालंय, आपण लेकरं आहोत म्हणून ऐकतो, ऐकून लेकरं होत नाही.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते कारण प्रश्नाखाली कोणीतरी लिहिलंय की पाळक सांगतील ते मुकाट्याने करणं हेच वचनाचं आज्ञापालन. नाही. पुढाऱ्यांचा मान ठेवायचाच, इब्री १३ तसं सांगतं. पण बिरुया नगरातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघत होते की हे असंच आहे का, आणि त्याबद्दल त्यांना उद्धट म्हटलेलं नाही, त्यांचं कौतुक केलंय. वचन हातात घेऊन दुसऱ्याला दाबणारी माणसं असतात. पत्नींनो अधीन राहा एवढंच ऐकवून त्याच अध्यायातली नवऱ्यांना दिलेली आज्ञा गिळून टाकणारे मी पाहिलेत, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम करा असं तिथे लिहिलंय, आणि त्या बायकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की सहन करणं म्हणजेच देवाचं ऐकणं. माझ्या मते यहोयाकीमाचा चाकू यापेक्षा वेगळा नव्हता. कोणी वचनाच्या नावाने तुला काही करायला लावलं तर आधीचा आणि नंतरचा अध्याय वाच, दुसऱ्या जाणत्या विश्वासणाऱ्याला विचार, वेळ घे.

राहता राहिले ते वडीलधारे ज्यांनी तुला टोकलं. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस. बहुतेक त्यांना लहानपणी कोणीतरी हातपाय धुवूनच बायबलला हात लावायला शिकवलं असेल आणि त्यामागे देवाचं भय खरं असेल. त्यांच्यासमोर बसशील तेव्हा बायबल मांडीवर नीट धर, पेन्सिल खिशात ठेव, त्यांचं मन राखण्यात तुझं काही जात नाही. घरी तुझ्या बायबलमध्ये हव्या तेवढ्या खुणा कर. फक्त एक कर, खुणेशेजारी तारीख घालत जा, आणि कधीतरी मागची पानं चाळून बघ.

२ राजे २२ आणि यिर्मया ३६ या आठवड्यात एका बैठकीत वाच, मग इथेच लिही काय दिसलं ते. तुझ्यासाठी प्रार्थना करतेय.