वाचक विचारतात: अ‍ॅडम्स घराण्याचे कागद

प्रश्न: अमेरिकेच्या सहाव्या राष्ट्राध्यक्षाच्या, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सच्या रोजनिशीचे छापील 12 खंड माझ्याकडे आहेत. मूळ हस्तलिखितही पाहायला हवं का?

उत्तर: काँग्रेसमधलं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतलं, राजकारण तपासायचं असेल तर खंडांवर बरंच काम भागतं. घरातलं काही शोधत असाल तर भागत नाही. हे खंड 1874 ते 1877 या काळात त्याच्याच मुलाने, चार्ल्स फ्रान्सिसने, संपादित केले आणि खासगी मजकुराला मोठी कात्री लावली. तेव्हा पत्नी लुईझाचा उल्लेख एखाद्या तारखेला सापडला नाही, तर मूळ वहीतही नसेल असं धरून चालू नका. मूळ 51 वह्या, म्हणजे 14,000 हून जास्त पानं, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. त्यांची छायाचित्रं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

मात्र एका तारखेसाठी एकच वही उघडून थांबू नका. काही वह्यांत दिवसाला फक्त एक ओळ असते, काहींत कच्चे मसुदे, तर काहींत पानंच्या पानं. सविस्तर लिखाण पुष्कळदा मागे पडायचं आणि सवडीने पुरं व्हायचं. 24 फेब्रुवारी 1841 ला त्याने अमिस्ताद खटल्यात (त्या नावाच्या जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी बंदींच्या सुटकेच्या खटल्यात) सर्वोच्च न्यायालयापुढे युक्तिवाद सुरू केला. अशा दिवसाची त्रोटक नोंद आणि मोठी नोंद शेजारी ठेवून वाचावी.

प्रश्न: याच घराण्याची पत्रं मायक्रोफिल्मवर कशी शोधायची?

उत्तर: मायक्रोफिल्मची, म्हणजे कागदांची लहान छायाचित्रं असलेल्या फिल्मची, रिळं 608 आहेत, भाग चार: रोजनिशा, पत्रांच्या नकलवह्या (पाठवलेल्या पत्रांच्या प्रती उतरवलेल्या वह्या), संकीर्ण आणि आलेली पत्रं. पाठवलेलं पत्र दुसऱ्या भागात बघा, आलेलं चौथ्यात. चौथा भाग तारखेनुसार लावलेला आहे, नावानुसार नाही. त्यामुळे आधी तारीख हाती असायला हवी, नाहीतर रिळं फिरवत बसाल. नकलवहीतली प्रत घरी ठेवलेली असते. प्रत्यक्ष गेलेलं पत्र ज्याला लिहिलं त्याच्या कागदांत असतं, आणि दोन्हींत फरक निघाला तर गेलेलं पत्र प्रमाण धरावं. संग्रहाची मायक्रोफिल्म 1889 ला थांबते, तेव्हा जॉन क्विन्सीच्या नातवाची, हेन्री अ‍ॅडम्सची त्यानंतरची पत्रं तिथे शोधू नका.

नावांचा घोळ तर ठरलेलाच. चार्ल्स फ्रान्सिस दोन: बाप (रोजनिशीचा संपादक) 1807–1886, मुलगा 1835–1915. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या पत्रावर नुसतं ‘सी. एफ. अ‍ॅडम्स’ असेल तर ठिकाण पाहा. लंडन असेल तर बहुधा बाप, कारण 1861 ते 1868 तो तिथे अमेरिकेचा राजदूत होता. घोडदळाची छावणी असेल तर मुलगा.