ओरोनोच्या बर्फावर मेनची मुलं का दिसत नाहीत?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मेन राज्यात, पोर्टलँडजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि हायस्कूलच्या आइस हॉकी संघात सर्वांत जास्त गोल त्याचेच आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ मेनची मॅच बघायला ओरोनोला गेलो, तर संघात आपल्या राज्यातली नावं शोधावी लागली. कॅनडाची मुलं मात्र भरपूर. राज्याचं विद्यापीठ राज्यातल्या मुलांना का घेत नाही?

उत्तर : नुकताच हायस्कूल संपवलेला मुलगा त्यांना सहसा नकोच असतो, मग तो मेनचा असो की कॅनडातल्या मॅनिटोबाचा. एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना. तिच्या डिव्हिजन 1 च्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या, पुरुष हॉकीत पहिल्या वर्षाला येणारा खेळाडू बहुतेक वेळा 19-20 वर्षांचा असतो. हायस्कूलनंतरची एक-दोन वर्षं तो ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे शाळा आणि कॉलेज यांच्यामधल्या पातळीवर, काढून आलेला असतो. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये शाळेतून थेट कॉलेजात जाता येतं. त्यामुळे हॉकीतही तसंच असेल असं पालक धरून चालतात, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो.

हिशोब करून बघा. मेनमधल्या हायस्कूल संघाला हंगामात साधारण 18 साखळी सामने मिळतात. 15 मिनिटांचे तीन पिरियड धरले तर एकूण 810 मिनिटं. यूएसएचएल या वरच्या ज्युनियर लीगमध्ये 62 सामने असतात आणि पिरियड 20 मिनिटांचा, म्हणजे 3,720 मिनिटं. साडेचारपट खेळ, तोही मोठ्या, धिप्पाड मुलांशी. प्रशिक्षकाला दरवर्षी सहा-आठ जागा भरायच्या असतात. शाळेत चाळीस गोल केलेल्या मुलापेक्षा यूएसएचएलमध्ये पंधरा केलेला त्याला भरवशाचा वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. मेनची लोकसंख्या जेमतेम 14 लाख आहे. एका जन्मवर्षात डिव्हिजन 1 च्या तोडीची मुलं निघून किती निघणार? आणि जी निघतात ती चौदा-पंधराव्या वर्षीच मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायरच्या प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शाळांत) किंवा थेट मिनेसोटात जातात. यारमथचा ऑलिव्हर वॉल्स्ट्रॉम मिनेसोटातल्या शॅटक-सेंट मेरीज शाळेत गेला, राष्ट्रीय विकास संघात खेळला आणि 2018 मध्ये बॉस्टन कॉलेजात दाखल झाला. बिडफर्डचा ब्रायन डुमुलँही बॉस्टन कॉलेजचाच. तिथे तो 2010 आणि 2012 चा राष्ट्रीय विजेता ठरला. एकदा मुलगा राज्याबाहेर खेळू लागला की त्याला सगळेच बघतात, आणि ओरोनोचा संघ ज्या हॉकी ईस्ट या विद्यापीठांच्या गटात खेळतो, त्यात त्याचे दहा प्रतिस्पर्धी आहेत.

उलटी वाहतूकही तितकीच. गोलरक्षक जेरेमी स्वेमन अलास्कातल्या अँकरेजचा. अलास्कात डिव्हिजन 1 चे दोन संघ असताना तो ओरोनोला आला. ब्रॅडली आणि जॉश नादो हे भाऊ मेनच्या सीमेला लागून असलेल्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधले, पण 2023 मध्ये ओरोनोला पोचले ते ब्रिटिश कोलंबियातल्या पेंटिक्टनच्या ज्युनियर संघातून. घर शेजारी, वाट खंडाला वळसा घालून!

मिनेसोटाचं उदाहरण लोक हमखास देतात. तिथे हायस्कूल हॉकी खरोखरच दर्जेदार आहे आणि राज्य विद्यापीठाचा संघ वर्षानुवर्षं जवळजवळ सगळा स्थानिक असे. पण 2002 च्या एनसीएए अंतिम सामन्यात मेनविरुद्ध जादा वेळेत मिनेसोटाचा विजयी गोल केला तो ग्रँट पोटल्नीने, आणि तो होता नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचा. त्याच्या गावातच नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा बलाढ्य संघ आहे.

पैशांमुळे स्थानिक मुलाला डावलतात, हे मात्र खरं नाही. राज्यातल्या मुलाची फी कमी, त्यामुळे त्याची शिष्यवृत्ती विद्यापीठाला स्वस्तच पडते. अलीकडच्या दोन बदलांनी दार अरुंद केलंय, हे खरं. 1 ऑगस्ट 2025 पासून कॅनडाच्या सीएचएल या वरच्या ज्युनियर लीगमधले खेळाडूही एनसीएएत खेळू शकतात. पूर्वी त्यांना व्यावसायिक धरत. (मेनमधल्याच लुइस्टनचा संघ 2003 ते 2011 त्या लीगमध्ये होता. गावातला मुलगा त्यात खेळला की ओरोनोचं दार त्याला बंद!) दुसरं, 2025 च्या न्यायालयीन समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना आता 26 खेळाडूंची मर्यादा आहे. सत्ताविसावा-अठ्ठाविसावा म्हणून, शिष्यवृत्तीशिवाय राहणारा मुलगा बऱ्याचदा स्थानिक असे. कात्री आधी त्याच जागेवर चालली.

प्रश्न : मग आता आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर : आधी मार्कांची कागदपत्रं. डिव्हिजन 1 साठी 16 कोअर विषय (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) लागतात. त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहातले 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. कोअर विषयांतला जीपीए (गुणांची सरासरी) किमान 2.3. आपल्या घरांत जीपीएची अडचण सहसा येत नाही. अडतं ते शाळेतला एखादा विषय एनसीएएच्या यादीत नसल्याचं उशिरा कळल्यामुळे. समुपदेशकाकडून यादी आत्ताच तपासून घ्या.

प्रशिक्षक दहावीच्या वर्षातल्या 1 जानेवारीपासून मुलाशी बोलू शकतात आणि अकरावीआधीच्या 1 ऑगस्टपासून प्रस्ताव देऊ शकतात. आतापर्यंत कुणाचा फोन नसेल तर शाळेतून थेट डिव्हिजन 1 विसरा आणि ज्युनियर संघांची शिबिरं गाठा. यूएसएचएल आणि त्याखालच्या एनएएचएलमध्ये खेळण्याची फी नसते. मुलगा बिलेट कुटुंबाकडे, म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्या स्थानिक कुटुंबाकडे, राहतो. तिसऱ्या पातळीवरच्या अनेक लीगमध्ये मात्र पैसे भरावे लागतात. तिथे विचारायचा प्रश्न एकच : गेल्या हंगामातली किती मुलं डिव्हिजन 1 ला, किती डिव्हिजन 3 ला (एनसीएएची खालची पातळी) आणि किती नुसत्या क्लब हॉकीला (एनसीएएबाहेरचे कॉलेज संघ) गेली? जाहिरातीत या तिघांची बेरीज करून 'कॉलेज कमिटमेंट' म्हणून छापतात.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. नुसते गोल जोडू नका, तीन-चार पूर्ण शिफ्ट (बर्फावर उतरल्यापासून बाहेर येईपर्यंतचा खेळ) दाखवा आणि प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मुलावर खूण करा. पक (खेळाची चकती) गमावल्यावर तो परत किती जोरात येतो, भिंतीलगत धक्का खाऊन पक कसा काढतो, पहिल्या तीन ढांगांत वेग किती पकडतो, हे बघायचं असतं. दुबळ्या संघाविरुद्धचे पाच गोल आणि वर गाणं, असला व्हिडिओ लगेच बंद होतो. मेलमध्ये जन्मवर्ष, उंची, जीपीए आणि पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक द्या. मेल मुलानेच लिहावा. बाबांचा मेल लगेच ओळखू येतो.

ज्युनियरच्या वर्षांत 'वर्ष वाया नको' म्हणून कॉलेजात पूर्णवेळ नाव घालू नका. त्याने एनसीएएचं पात्रतेचं घड्याळ सुरू होतं. एखाद-दुसरा विषय घेण्याआधीही एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून (पात्रता तपासणारं कार्यालय) खात्री करून घ्या, हे नियम बदलत असतात.

राज्यातच राहायचं असेल तर ब्रन्सविकचं बोडन, वॉटरव्हिलचं कोल्बी, बिडफर्डचं युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड आणि गोरमचं सदर्न मेन, असे डिव्हिजन 3 चे चार पर्याय आहेत. खेळाची शिष्यवृत्ती तिथे नसते. मदत मिळते ती गरजेवर किंवा गुणांवर.

प्रश्न : धाकटी मुलगीही खेळते. तिचंही असंच?

उत्तर : नाही. मुलींच्या हॉकीत ज्युनियरचा टप्पा जवळजवळ नाहीच. बहुतेक जणी अठराव्या वर्षी शाळेतून किंवा प्रेप स्कूलमधून थेट कॉलेजात जातात. म्हणून तिची तयारी भावापेक्षा दोन वर्षं आधी हवी. प्रशिक्षक दहावी संपल्यावरच्या 15 जूनपासून बोलू शकतात, म्हणजे नववी-दहावीच्या उन्हाळी स्पर्धांमध्ये ती त्यांच्या नजरेस पडलेली असायला हवी. ओरोनोचा महिला संघही हॉकी ईस्टमध्येच आहे; त्यांच्या उन्हाळी शिबिराची चौकशी आधी करा.