कॉकपिटमधला पहिला कॅमेरा

सेस्ना १७२ मध्ये, म्हणजे शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानात, कॅमेरा लावताय, मजा येईल! फिल्टर, हेडसेटचा आवाज वगैरे नंतर बघू. आधी इन्स्ट्रक्टरला विचारा. पुण्यासारखा हवाई दलाचा तळ असेल तर परवानगीशिवाय कॅमेरा बॅगेतून काढूच नका.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- कंपासच्या (होकायंत्राच्या) शेजारी चिकटवणं. काचेच्या मधोमध जागा झकास दिसते खरी, पण कॅमेरा चालू करून कंपासकडे बघा. आकडा हलला की जागा बदला.
- नुसत्या सक्शन कपवर भरवसा. माझा एकदा टेकऑफनंतर जेमतेम ३०० फुटांवर सुटला आणि घरंगळत थेट रडर पेडलपाशी, म्हणजे विमान वळवायच्या पायाखालच्या पेडलपाशी! इन्स्ट्रक्टरनं वाकून उचलला, वर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कपाबरोबर कॅमेऱ्याला बांधलेली दोरीही हवीच. काच कोरड्या कागदानं पुसू नका, चरे पडतात.
- योक (विमानाचं स्टिअरिंग) न फिरवता निघणं. पूर्ण मागे ओढा, डावी-उजवीकडे फिरवा; कॅमेऱ्याला कुठेच अडता कामा नये.

रेकॉर्डिंग टॅक्सीआधीच, म्हणजे विमान जमिनीवर चालू लागण्याआधीच सुरू करा, मग इंजिन बंद होईपर्यंत कॅमेऱ्याला हात नाही. मध्येच बंद पडला? पडू दे.