मार्कर नॉर्मल, तरी कंबर दुखतेच

प्रश्न : माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या, राहणार पिंपळगाव बसवंत. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो आणि लाइट (रेडिएशन). लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी रोज चालू आहे. द्राक्षकाढणी संपल्यापासून कंबर दुखते, रात्री जास्त. सीए 15-3 ही रक्तातल्या मार्करची तपासणी केली, 22 आली. लॅबची मर्यादा 30 आहे. तरी डॉक्टरांनी नाशिकला बोन स्कॅन करायला लावला. त्यात कमरेच्या तिसऱ्या मणक्यात आणि उजव्या गुडघ्यात ठिपके दिसले. आता एमआरआय सांगितलाय. दीर म्हणतात, रक्त नॉर्मल आहे, कशाला खर्च? नणंद म्हणते, सरळ पेट स्कॅनच करून टाका. कोणाचं ऐकू?
– एक सून, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दोघांचंही नको. एमआरआय करा, आणि या आठवड्यातच करा.

दिरांचा मुद्दा आधी घेते, कारण तो मी ओपीडीत रोज ऐकते. सीए 15-3 हे गाठीच्या पेशींतून रक्तात उतरणारं एक प्रथिन आहे. काही गाठी ते सोडतच नाहीत. हाडात आजार असूनही आकडा मर्यादेत राहिलेले पेशंट असतात, आणि उलट यकृताला सूज असली किंवा बी-12 कमी पडलं तरी तो चढू शकतो. आजार पसरल्याचं ठरलं की औषध लागू पडतंय का हे पाहायला तो उपयोगी पडतो, तेही स्कॅनच्या जोडीनं. दुखणाऱ्या मणक्याला ‘काही नाही’ म्हणायचा अधिकार त्या 22 ला नाही. स्तनाचा कॅन्सर शरीरात दूर पसरतो तेव्हा सगळ्यांत जास्त हाडांत जातो. मणका, कंबरेचं हाड, बरगड्या. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आकडा बाजूला ठेवून दुखण्याकडे पाहिलं, हे बरं केलं.

आता ठिपके. बोन स्कॅनमध्ये शिरेतून टेक्नेशियमचं औषध देतात, दोन-तीन तासांनी फोटो काढतात. हाड जिथे नव्यानं घडत असतं तिथे ते जास्त साठतं. आपल्या शहरात रस्ता खोदलेला दिसतो, पण पाइप फुटलाय की केबल टाकताहेत ते वरून कळत नाही, तसंच हे. गुडघ्याचा ठिपका बहुधा झिजेचा. गुडघ्यात आणि त्याखाली हा आजार क्वचितच जातो. एक साधा एक्स-रे तिथे पुरेल.

मणक्याचं तसं नाही. लेट्रोझोलनं हाडं ठिसूळ होतात, तेव्हा क्रेट उचलताना मणका दबला असेल, अशीही शक्यता आहे. तोही बोन स्कॅनवर असाच चमकतो. साधा एक्स-रे इथे कामाचा नाही, हाडातला 30 ते 50 टक्के क्षार गेल्याशिवाय त्यात बदल दिसत नाही. एमआरआय हाडाच्या मगजाचं चित्र देतो, मणका ठिसूळपणानं दबला की आजारानं हे बहुतेक वेळा सांगतो, आणि मज्जारज्जूवर किंवा त्यातून निघणाऱ्या नसांवर दाब आहे का तेही दाखवतो. पेसमेकर किंवा जुना रॉड असेल तर आधी सांगा.

नणंदबाईंचा पेट स्कॅन वाईट नाही. तो साखर खाणाऱ्या पेशी शोधतो, हाड पोखरणाऱ्या जागा छान पकडतो. मात्र घट्ट, पांढरट झालेल्या जागा कधी कधी निसटतात. एमआरआयमध्ये शंका निघाली तर सगळं शरीर एकदम पाहायला तो करावा लागेलच. आज मात्र एका मणक्याचा प्रश्न आहे.

शंका पक्की वाटली तर सुईनं तुकडा काढायला सांगतील. घाबरून नकार देऊ नका. ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-2 हे गाठीच्या पेशींवरचे गुण पुन्हा तपासावे लागतात. पहिल्या गाठीचे आणि हाडातल्या आजाराचे ते कधी वेगळे निघतात, आणि औषध त्यावरच ठरतं. मणका नुसता ठिसूळपणानं दबलेला निघाला तर डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडाचं औषध, एवढ्यावर भागेल.

तोवर वजन उचलणं बंद. आणि पिंपळगावात कुणी हाडवैद्याचं नाव सुचवेलच, तर तिथे जाऊन कंबर मोडून घेऊ नका. कमकुवत मणका एका झटक्यात बसतो. पायांत मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका, रात्र असली तरी गाडी काढून नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलात या. सोबत जुन्या ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट आणा. तो माळ्यावरच्या पेटीत असतो, असा माझा अनुभव आहे.