स्टॉलच्या आराखड्यात माणसे कुठे आहेत?

प्रिय मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा तुमच्या मुक्त सॉफ्टवेअरचा स्टॉल व्यापारी प्रदर्शनात लावण्याविषयीचे तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. ३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद जागेत टेबल कुठे येईल, पडदा कुठे लागेल, उभा बॅनर कोणत्या कोपऱ्यात राहील, हे सारे तू मापांसकट काढले आहेस आणि ते मनापासून केलेले काम आहे हे पाहताक्षणी कळते. आराखडा दुसऱ्यांदा पाहताना मात्र माझ्या लक्षात आले की त्यात माणूस एकही नाही. पहिल्या दिवशी सकाळी दालन उघडेल तेव्हा टेबलापाशी कोण असेल, दुपारी त्याला जेवायला कोण सोडेल आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय भरून आलेले असताना शेवटपर्यंत कोण थांबेल, याचा उल्लेख तुझ्या पत्रातही नाही. कंपनीच्या स्टॉलवर पगारी माणसे असतात आणि त्यांची नेमणूक कोणीतरी करतेच. रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात ती नेमणूक आपोआप होत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

स्टॉलवर कोणत्याही क्षणी किमान दोघे असायला हवेत, कारण एकटा माणूस एका पाहुण्याशी बोलत असताना दुसरा पाहुणा थोडा वेळ घुटमळतो आणि निघून जातो. प्रदर्शन रोज ८ तास आणि तीन दिवस असेल, पाळी २ तासांची धरली, तर एकूण १२ पाळ्या आणि २४ जागा भरायच्या आहेत. एका माणसाला दिवसाला दोनपेक्षा अधिक पाळ्या देऊ नकोस. चार तास उभ्याने बोलल्यानंतर आवाज आणि सौजन्य दोन्ही बसू लागतात. या हिशेबाने चार जणांत भागते, पण चारांपैकी एक जरी आजारी पडला तरी सगळे कोलमडते, म्हणून सहा जण तयार ठेव. प्रत्येक पाळीत एक जण प्रकल्पाचा कोड जाणणारा असावा आणि दुसरा ते सॉफ्टवेअर रोज वापरणारा असावा. हा दुसरा माणूस मला नेहमीच अधिक मोलाचा वाटत आला आहे, कारण पाहुण्याची भाषा त्यालाच येते.

मी स्वतः उभारलेल्या पहिल्या स्टॉलवर आम्ही पाच जण होतो आणि पाचही प्रोग्रामर होतो. दुपारी एका लॅपटॉपवर एक जुना दोष अचानक पुन्हा दिसला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. पाऊण तासाने मी सहज मागे वळलो, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ आमचे पत्रक हातात धरून उभे होते. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. माझी नजर पडताच त्यांनी पत्रक नीट घडी करून टेबलावर परत ठेवले आणि ते पुढच्या स्टॉलकडे गेले. रस्त्याकडे आमच्या फक्त पाठी होत्या. त्या दिवसापासून माझा नियम असा आहे की स्टॉलवर कोड लिहायचा नाही, आणि टेबल रस्ता अडवील असे मांडायचे नाही. ते बाजूच्या भिंतीला लाव, म्हणजे तुमची माणसे टेबलाच्या पुढे उभी राहतील आणि पाहुण्याला आत पाऊल टाकता येईल.

आता येणाऱ्या माणसाविषयी. ब्रसेल्सला दर हिवाळ्यात फॉसडेम हे मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचे संमेलन भरते; तिथे प्रवेश विनामूल्य असतो, आणि तिथे येणाऱ्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तू मात्र व्यापारी प्रदर्शनात जातो आहेस. तिथला माणूस खरेदीच्या विचाराने फिरत असतो आणि त्याचे प्रश्न ठरलेले असतात: किंमत किती, कंपनी कोणती, आणि बिघडले तर फोन कोणाला करायचा. ‘हे फुकट आहे’ एवढे सांगितले की तो आनंदित होत नाही, सावध होतो. म्हणून तुमच्यापैकी प्रत्येकाला तीन उत्तरे तोंडपाठ हवीत: हे सॉफ्टवेअर कोण आणि कसे घडवते, परवान्याप्रमाणे ते व्यवसायातही वापरता येते का, आणि सशुल्क मदत हवी असल्यास ती कुठे मिळते. तिसऱ्याचे उत्तर ‘अशी सोय सध्या नाही’ असे असेल तर तसेच सांगा. खोटी आशा लावून जोडलेला वापरकर्ता पहिल्याच अडचणीत तुटतो आणि चार जणांना सांगतो.

प्रकल्पाचा इतिहास कोणी विचारल्याशिवाय सांगू नका. एकदा एक बाई आमच्याकडे आल्या, त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला आणि विचारले, “माझी ही फाइल यात उघडेल का?” आमचा सहकारी अतिशय उत्साहाने त्यांना प्रकल्पाची स्थापना कशी झाली ते सांगू लागला. त्यांनी तोच प्रश्न तीनदा विचारला. शेवटी शेजारच्या विद्यार्थ्याने फाइल उघडून दाखवली. दोन ठिकाणी रकाने सरकले होते, तेही त्याने लपवले नाही. बाई वीस मिनिटे थांबल्या आणि ते रकाने कसे सरळ करायचे ते शिकून गेल्या. अशा अनोळखी फायली उघडण्यासाठी एक वेगळा लॅपटॉप ठेव, ज्यावर कोणाचीही खासगी माहिती नसेल आणि जो रोज रात्री पुसून पूर्ववत करता येईल.

प्रात्यक्षिक इंटरनेटशिवाय चालले पाहिजे, ही अट मी सोडणार नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायला एकमेकांवर न येणारी तीनच चॅनेल मिळतात, १, ६ आणि ११. शेकडो स्टॉल आणि हजारो फोन असलेल्या दालनात ती लगेच गच्च होतात. सर्व्हर लागत असेल तर तो त्याच लॅपटॉपवर चालव आणि घरी वायफाय बंद करून आधी सारे करून पाहा.

कागदोपत्री बाजू कंटाळवाणी आहे, तरी ती सर्वांत आधी उरकावी लागते. आयोजक करार नोंदणीकृत संस्थेशी करू पाहतात आणि तुमचा प्रकल्प म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काही माणसांचा समूह आहे. त्यामुळे जो सही करतो त्याच्या अंगावर भाडे, नुकसानभरपाई आणि असल्यास विम्याची अट येऊ शकते. ही सही तू एकट्याने करू नयेस, असे मला कळकळीने वाटते. अशा प्रकल्पांच्या वतीने पैसा आणि कायदेशीर जबाबदारी सांभाळणाऱ्या संस्था आहेत. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पासाठी १९९७ मध्ये स्थापन झालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही त्यांतली जुनी. तुमचा प्रकल्प अशा कोणाच्या छत्राखाली असेल तर त्यांना आत्ताच लिही. आयोजकांना मात्र ना-नफा प्रकल्पांसाठी सवलतीची किंवा विनामूल्य जागा आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचार. अशी जागा असली तरी न विचारणाऱ्याला ती क्वचितच मिळते. वीज भाड्यात धरली आहे का, सॉकेट किती, सामान आत आणण्याची वेळ कोणती आणि भिंतीला चिकटपट्टी चालते का, हेही त्याच पत्रात विचारून घे.

तू २०० पेनड्राइव्ह वाटण्याचे लिहिले आहेस. त्यावर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचे सॉफ्टवेअर असेल तर पेनड्राइव्ह हातात देणे म्हणजे वितरण होय, आणि वितरणाबरोबर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड, देण्याची जबाबदारी येते. या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार एक तर सोर्स कोड सोबत द्यावा लागतो, नाही तर तो देण्याची किमान तीन वर्षे टिकणारी लेखी हमी द्यावी लागते. तीन वर्षांनी तुमच्यापैकी कोण कुठे असेल हे कोणी सांगावे? त्याच पेनड्राइव्हवर सोर्स कोडही टाक आणि मोकळा हो. ज्यांचे सॉफ्टवेअर आपण वाटतो त्यांच्या अटी आपणच पाळल्या नाहीत, तर दुसऱ्यांनी आपल्या पाळाव्यात असे म्हणायला आपल्याला तोंड राहत नाही.

छपाईविषयी थोडेच. उभा बॅनर साधारण ८५ सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर उंच असतो, आणि गर्दीत त्याचा खालचा भाग कोणालाच दिसत नाही. म्हणून महत्त्वाचे शब्द डोळ्यांच्या पातळीवर आण. प्रकल्पाचे नाव मोठे आणि तो काय करतो हे बारीक, अशी चूक जवळपास सगळे करतात. अनोळखी माणसाला नावातून काही कळत नाही, ते उलट कर. क्यूआर कोडभोवती त्यातल्याच चार बारीक चौकटींएवढी कोरी जागा सोड आणि छापून आल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपास.

एक जाड नोंदवही मात्र अवश्य ठेव. कोणी तक्रार सांगितली तर त्याच्यासमोर ती त्याच्याच शब्दांत लिहून घे. आपले म्हणणे कागदावर उतरताना पाहिले की माणसाचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्याने पत्ता स्वेच्छेने दिला असेल त्याला आठवड्याच्या आत उत्तर गेले पाहिजे, आणि ते कोण लिहील हे प्रदर्शनाआधी ठरले पाहिजे, कारण परत आल्यावर सगळे थकलेले असतात आणि वही कोणाच्या तरी पिशवीत राहून जाते. तेव्हा चोवीस जागांच्या खाली पंचविसावी ओळ ओढ, त्या ओळीत उत्तरे लिहिणाऱ्याचे नाव घाल, आणि ज्यांनी स्वतःच्या तोंडाने होकार दिला आहे तेवढ्यांचीच नावे भरून यादी मला पाठव. टेबल आणि पडद्याची मापे आपण त्यानंतर पाहू.

तुझा,
एक जुना स्वयंसेवक